‘आहे’ आणि ‘असतो’ : दुसऱ्याच्या देशाला नावे ठेवताना

शहापूर, बेळगाव

‘स्टिरिओटाइप’, म्हणजे एखाद्या लोकसमूहाविषयी आधीच ठरवून ठेवलेली समजूत, या शब्दाला मराठीत कोणता प्रतिशब्द घ्यावा आणि ‘टीका’, ‘निंदा’, ‘हिणवणे’ व ‘नावे ठेवणे’ यांच्या सीमा कुठे आखाव्यात, हे दोन प्रश्न मी एकत्रच मांडत आहे, कारण एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून मिळेल असे मला वाटत नाही. आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित वार्षिकासाठी ‘मी पाहिलेला देश’ या विषयावर लेख मागवले होते आणि ते तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. आखातात नोकरी केलेले, जहाजावर काम केलेले, मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत राहून आलेले असे पुष्कळ जण आमच्या भागात आहेत. त्यांनी मनापासून लिहिले आहे आणि त्यातले बरेचसे वाचनीय आहे. मात्र बहुतेक लेखांत एखादे तरी वाक्य असे येते, की तिथे माझा लाल पेन थांबतो. ‘अरब लोक आळशी असतात.’ ‘चिनी माणूस भरवशाचा नसतो.’ ‘अमेरिकन माणसाला नातीगोती कळत नाहीत.’ ‘जर्मन माणूस कामाला वाघ असतो.’ शेवटचे वाक्य स्तुतीचे असले तरी त्याची घडण आधीच्या वाक्यांसारखीच आहे, म्हणून तेही मी याच रांगेत ठेवले आहे.

माझ्या मते या वाक्यांतील दोष विशेषणापेक्षा क्रियापदात अधिक आहे. ‘दुकानदार उद्धट आहे’ असे म्हटले, की एक दुकान, एक गल्ला आणि त्यामागे बसलेला एक माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि ते विधान खरे की खोटे याचा पडताळा घेता येतो. ‘तिकडचा दुकानदार उद्धट असतो’ असे म्हटले, की समोर कोणताच दुकानदार उरत नाही. ‘साखर गोड असते’ हे आपण ज्या रूपात सांगतो, त्याच रूपात एका संपूर्ण देशाचा स्वभाव सांगितला जातो आणि ऐकणाऱ्याला तो निसर्गनियमच वाटू लागतो. एखादा नम्र दुकानदार दाखवून दिला तरी वाक्य मोडत नाही, कारण ‘तो अपवाद’ असे म्हणण्याची सोय त्या ‘असतो’मध्येच करून ठेवलेली असते. त्यात आपल्या भाषेतील एकवचनाची भर पडते. ‘मराठी माणूस’, ‘गुजराती माणूस’, ‘इंग्रज माणूस’ असे एकवचनी रूप वापरताच कोट्यवधी लोकांचा एकच माणूस होतो, आणि एका माणसाला नाक, डोळे व स्वभाव चिकटवणे सोपे जाते.

हा प्रश्न सीमाभागातल्या वाचकांपुढे ठेवण्याला एक कारण आहे. आपण रोज या वाक्यांचे कर्तेही असतो आणि कर्मही असतो. पुण्यात गेल्यावर आपला हेल ऐकून ‘तुम्ही कानडी का?’ असे विचारले जाते, बेंगळूरला गेल्यावर आपण मराठी ठरतो, आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला गेलेल्या येळ्ळूरच्या मराठी गवंड्याला व बैलहोंगलच्या कन्नड गवंड्याला तिथे एकच नाव मिळते : घाटी. इकडे ज्यांच्यातील भेदावर सभा होतात, ते घाट उतरताच एक होतात. बघणाऱ्याला काय दिसते हे तो कुठे उभा आहे यावर इतके अवलंबून असेल, तर आपण दुबईत किंवा न्यू जर्सीत उभे राहून काय पाहिले, हे लिहिताना अधिक जपायला हवे.

उद्यमबाग, बेळगाव

प्रतिशब्दापुरते लिहितो. ‘साचेबद्ध’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला आहे, पण फाउंड्रीत काम करणाऱ्याला तो पटत नाही. आमच्याकडे वाळूचा साचा एका ओतकामापुरताच असतो. धातू थंड झाला की साचा फोडूनच नग बाहेर काढावा लागतो आणि पुढच्या नगासाठी तो नव्याने भरावा लागतो. जो वर्षानुवर्षे तसाच राहतो, तो लाकडी किंवा धातूचा पॅटर्न, ज्याभोवती वाळू भरून साचा तयार करतात. म्हणजे आमचा साचा बिचारा रोज मोडतो, आणि लोकांच्या मनातली परक्या देशाची प्रतिमा तर मोडायला तयार नसते.

मूळ शब्द छपाईतला आहे. खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, जुळवून झालेल्या पानाचा साचा घेऊन त्यावरून संपूर्ण पानाची एकसंध धातूची पाटी ओतायची, तिला स्टिरिओटाइप म्हणत. सुट्या खिळ्यांत एक अक्षर चुकले तर तेवढा खिळा काढून दुसरा बसवता येतो. पाटीत ते इतके सहज जमत नाही, ती आहे तशीच पुन्हा पुन्हा छापत राहते. १९२२ साली वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने हा शब्द मनातल्या चित्रांसाठी वापरला. त्याचे म्हणणे असे, की आपण बहुतेक वेळा आधी पाहून मग व्याख्या करत नाही, आधी व्याख्या करतो आणि मग तेवढेच पाहतो. या अर्थाला जवळ जाणारा प्रयोग मराठीत आधीपासून आहे : ‘ठरीव ठशाचे’. ठरीव ठशाची पात्रे, ठरीव ठशाची भाषणे असे आपण म्हणतोच. तसेच ‘ठरीव ठशाची समजूत’ म्हणावे. त्यात ठसाही आला आणि तो आधीच ठरलेला आहे हेही आले.

निपाणी

शहापूरच्या सरांचे ‘असतो’वरील विवेचन मला मान्य आहे, तरीही एक भीती वाटते. ठरीव ठशाची वाक्ये टाळण्याच्या नादात ‘दुसऱ्याच्या देशाविषयी बोलूच नये’ या निष्कर्षावर आपण येऊन पोहोचू नये. ‘आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून’ ही म्हण असे बोलणाऱ्याला गप्प करण्यासाठी सर्रास वापरली जाते. परंतु म्हणीचे दोन्ही भाग नीट वाचले, तर तिचा आक्षेप वाकून पाहण्याइतकाच झाकून ठेवण्यावरही आहे. ज्याने आपले उघड केले आहे, त्याला दुसऱ्याकडे पाहण्यापासून ही म्हण अडवत नाही.

१९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. त्या वेळी आपला देश स्वतंत्रही झालेला नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचे उत्तर असे, की ही आमची अंतर्गत बाब आहे. अस्पृश्यता ज्या देशात नांदत होती त्याने दुसऱ्याच्या वर्णभेदावर बोलावे का, असे कोणी विचारले असते तर तो प्रश्न निराधार ठरला नसता. परंतु त्या प्रश्नाने दक्षिण आफ्रिकेतील कायदे न्याय्यही ठरले नसते. परक्याने केलेली टीका खरी की खोटी हे एक, आणि ती करणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत की नाहीत हे दुसरे. दुसऱ्या प्रश्नाने पहिल्याचे उत्तर मिळत नाही.

आता ‘टीका’ या शब्दाकडे येतो. आज आपण तो दोष दाखवणे या अर्थाने वापरतो, पण त्याचा जुना आणि अजूनही जिवंत असलेला अर्थ ‘ग्रंथाचे विवरण’ असा आहे. ज्ञानदेवांनी गीतेवर टीका लिहिली असे म्हणताना त्यांनी गीतेला नावे ठेवली असे कोणालाही वाटत नाही. टीकाकाराला मूळ ग्रंथ ओळीने वाचावा लागतो, कोणत्या श्लोकावर बोलतो आहे हे सांगावे लागते, आणि आपला अर्थ त्या श्लोकातून निघतो हे दाखवावे लागते. देशावरील टीकेकडून मी तेवढीच अपेक्षा करतो : कोणता कायदा, कोणते सरकार, कोणते वर्ष, कोणती प्रथा, आणि ती कोणाला जाचते. हे सांगता येत असेल तर ती टीका आहे, मग ती कितीही कठोर असो. हे सांगता येत नसेल तर ते नावे ठेवणे आहे, मग त्याची भाषा कितीही सौम्य असो.

१९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेचे ‘मदर इंडिया’ प्रसिद्ध झाले आणि देशभर संताप उसळला. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटले, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्यांचे पुढचे म्हणणे आपल्या चर्चेला अधिक उपयोगी आहे. आपण फक्त गटारे तपासायला आलो होतो असे लेखिकेने कबूल केले असते, तर फारशी तक्रार उरली नसती. गटारे म्हणजेच भारत, असा तिचा निष्कर्ष हा खरा आक्षेपाचा विषय, असे त्यांचे सांगणे होते. त्याच लेखात त्यांनी हेही लिहिले, की प्रत्येक भारतीयाने हे पुस्तक वाचले तर त्याला काही लाभच होईल. शहापूरच्या सरांच्या भाषेत सांगायचे तर तपशील ‘आहे’चा होता आणि निष्कर्ष ‘असतो’चा. गांधीजींनी निष्कर्ष फेटाळला आणि तपशील पदरात घेतला. १९२४ साली ज्या बेळगावात त्यांनी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले, त्या बेळगावच्या लोकांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

खानापूर

मी वैद्यकी करते, म्हणून रोगांच्या नावांविषयी थोडे लिहिते. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात उपदंशासारख्या (सिफिलिससारख्या) एका रोगाला ‘फिरंगरोग’ म्हटले आहे. फिरंग्यांच्या संसर्गाने येतो म्हणून तो फिरंगरोग. त्याच काळात युरोपात फ्रेंच लोक त्याला नेपल्सचा रोग म्हणत, इटलीतले लोक फ्रेंच रोग म्हणत आणि रशियात तो पोलिश ठरला होता. प्रत्येकाने तो शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. १९१८ च्या साथीला ‘स्पॅनिश फ्लू’ हे नाव पडले, तेही स्पेनमध्ये ती उगम पावली म्हणून पडलेले नाही. पहिल्या महायुद्धात स्पेन तटस्थ होता, तिथल्या वृत्तपत्रांवर लढणाऱ्या देशांसारखी बंधने नव्हती, म्हणून साथीच्या बातम्या तिथून मोकळेपणाने आल्या. ज्याने खरे सांगितले, त्याचेच नाव रोगाला चिकटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या रोगांना देशांची, प्रदेशांची किंवा लोकांची नावे देऊ नयेत अशी सूचना केली, आणि तिचे मोल २०२० साली कळले, जेव्हा आपल्याच ईशान्येकडील राज्यांतल्या मुलामुलींना अनेक शहरांत विषाणूच्या नावाने हाका मारल्या गेल्या.

‘हबशी’ या शब्दाचाही विचार व्हावा. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया. तिथला तो हबशी. एके काळी दख्खनमध्ये या शब्दाला दरारा होता. निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला होता आणि गुलाम म्हणून विकला जात दख्खनमध्ये आला होता. आज मराठी बोलीत ‘हबशी’ हा शब्द बहुधा काळ्या रंगावरून हिणवण्यापुरताच उरला आहे. आमच्या तालुक्याच्या जंगलपट्ट्यात आणि शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ते घरी कोकणीच्या जवळची बोली बोलतात, बाजारात कन्नड किंवा मराठी बोलतात. माझ्याकडे औषधाला येणारी एक सिद्दी आजी अस्सल खानापुरी मराठीत ‘गुडघं लई दुखाय लागल्यात’ असे सांगते, आणि बाहेर बाकावर बसलेला परगावचा माणूस मला विचारतो की ह्या कुठल्या देशाच्या. परक्या देशाविषयीची ठरीव ठशाची समजूत सीमेपलीकडे राहत नाही. ती आपल्याच गावातल्या माणसाला परका करते, म्हणून ‘आफ्रिकेतले लोक असे असतात’ हे वाक्य इथे बसून बोलले तरी ते दूरच्या कोणाविषयी राहत नाही.

गोकाक

माझी मातृभाषा कन्नड आहे. मराठी मी शाळेत आणि व्यापारात शिकलो. दोनच मुद्दे मांडतो.

मराठी बोलणारे ‘कानडी’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसते, हे मला कळते. तरी आमच्यातील अनेकांना तो शब्द खटकतो, कारण भांडणात तोच ऐकू येतो. ‘कन्नड’ म्हणावे, हे बरे. एखाद्या लोकसमूहाला काय म्हणावे हे शक्यतो त्यालाच ठरवू द्यावे, हा नियम देशांनाही लागू होईल. तुकोबांच्या एका अभंगात कानडी बायको आणि मराठी नवरा येतात. ती ‘इल बा’, म्हणजे ‘इकडे ये’, असे बोलावते आणि त्याला भलतेच ऐकू येऊन तो पळतो. त्या अभंगात तिचा स्वभाव वाईट आहे असे कुठेही म्हटलेले नाही आणि त्याचाही नाही. दोघांना एकमेकांचे बोलणे कळत नाही, एवढेच म्हटले आहे. न कळण्याला ‘कळले नाही’ असे म्हणणे आणि न कळण्यावरून समोरच्याचा स्वभाव ठरवणे, यांत मोठे अंतर आहे.

दुसरा मुद्दा व्याकरणाचा. ‘आहे’ आणि ‘असतो’ हा भेद कन्नडमध्येही आहे : ‘इद्दारे’ म्हणजे आहेत, ‘इरुत्तारे’ म्हणजे असतात. ‘मराठी लोक असे इरुत्तारे’ ही वाक्ये मी लहानपणापासून ऐकली आहेत. दोन्ही भाषांना हे वळण सारखेच सोयीचे पडते.

शहापूर, बेळगाव

सर्वांचे आभार. ‘ठरीव ठशाची समजूत’ हा प्रयोग मी स्वीकारतो, आणि गोकाकच्या सरांच्या सूचनेप्रमाणे वार्षिकात सर्वत्र ‘कन्नड’ असेच लिहिले जाईल. अभंगातला ‘कानडी’ तेवढा अभंगात राहील.

देशांच्या स्वभावाविषयी जे मोजमाप झाले आहे, त्याचीही नोंद करतो. १९३३ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या शंभर विद्यार्थ्यांना दहा वांशिक व राष्ट्रीय गटांना साजेशी विशेषणे निवडायला सांगितली गेली. तुर्कांना त्यांनी ‘क्रूर’ ठरवले, आणि या मुलांचा तुर्कांशी प्रत्यक्ष संबंध जवळजवळ नव्हता. पुढे २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ४९ संस्कृतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक आपल्या देशाचा जो स्वभाव सांगतात आणि त्याच देशातील माणसांच्या स्वभावाची मोजणी केल्यावर जी सरासरी येते, त्यांचा मेळ बसत नाही, असे त्यात आढळले. अमेरिकन लोक स्वतःला ठासून बोलणारे समजतात, कॅनडाचे लोक स्वतःला नमते घेणारे समजतात, आणि मोजणीत मात्र दोघे या गुणात जवळजवळ सारखेच निघाले. सीमेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांना हे वाचून आश्चर्य वाटू नये. स्वतःच्या देशाविषयीही जिथे ठोकताळा चुकतो, तिथे दोन वर्षे राहून पाहिलेल्या देशाविषयी तो बरोबर येईल, असे मानायला आधार नाही.

निपाणीच्या सरांच्या कसोटीने मी ‘अरब लोक आळशी असतात’ हे वाक्य पुन्हा हातात घेतले. लेखकांना घरी बोलावून, हे वाक्य कोणत्या दिवसावरून सुचले, असे विचारले. त्यांनी जे सांगितले ते लेखात नव्हते. ज्या कंपनीत ते होते तिने कामावर रुजू होताच पासपोर्ट काढून घेतला होता, पगार महिनोन्‌महिने थकत असे, आणि दुसरीकडे नोकरी धरायची तर मालकाची लेखी संमती लागे. त्यांचा मालक दुपारी उशिरा कार्यालयात येई आणि सावलीत बसून सही करायला टाळाटाळ करी. त्या सहीसाठी ताटकळताना हे वाक्य त्यांच्या मनात तयार झाले होते. त्यांनी भोगले ते खरे होते आणि त्यांचा राग रास्त होता. पण त्यांना ज्याने अडकवले ती ‘कफाला’ नावाची व्यवस्था, जिच्यात परदेशी कामगाराचे राहणे आणि नोकरी एका मालकाच्या हाती असते. ती माणसांनी कायदे करून उभी केली आहे आणि माणसांना ती बदलताही येते. कतारने २०२० साली नोकरी बदलताना मालकाचे ना-हरकत पत्र आणण्याची अट काढून टाकली. ‘अरब लोक आळशी असतात’ या वाक्यात ना पासपोर्ट आला, ना थकलेला पगार, ना तो कायदा. आळशी स्वभावाला कोण काय करणार? त्यावर अर्ज करता येत नाही, खटला भरता येत नाही, दूतावासात तक्रार नोंदवता येत नाही. म्हणून माझे मत आता असे झाले आहे, की हे वाक्य कठोर आहे ही त्याची अडचण नव्हे. ते फार सैल आहे, आणि ज्याला खरोखर जाब विचारायला हवा तो त्यातून सहज सुटून जातो.

लेखकांनी त्या एका वाक्याच्या जागी पूर्ण परिच्छेद लिहून दिला आहे. त्यात पासपोर्ट कपाटात ठेवतानाचा किल्ल्यांचा जुडगा आहे, पगाराच्या तारखा आहेत, आणि रमजानच्या संध्याकाळी शेजारच्या इमारतीच्या अरब पहारेकऱ्याने रोज बाजूला काढून ठेवलेले खजूरही आहेत. हा परिच्छेद पहिल्या वाक्याहून त्या देशावर अधिक कडक टीका करतो, आणि तो तिथल्या कोणा वाचकासमोर ठेवायला मला संकोच वाटणार नाही.

स्तुतीच्या वाक्याचा प्रश्न मात्र तसा सुटलेला नाही. ‘जर्मन माणूस कामाला वाघ असतो’ हे लिहिणारे गृहस्थ एकही शब्द बदलायला तयार नाहीत. चांगलेच म्हटले आहे, मग हरकत काय, असे ते विचारतात. हरकत अशी, की ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीत कामगारामागे वर्षाकाठी सर्वांत कमी तास काम होणाऱ्या देशांत जर्मनी मोडतो. तिथे अर्धवेळ नोकऱ्या पुष्कळ आहेत, भरपगारी रजा कायद्याने मिळते, कामगार संघटनांनी कामाचे तास करार करून कमी करून घेतले आहेत. ‘वाघ असतो’ म्हटले की ते करार, ते कायदे आणि त्यांसाठी झालेले संप वाचकाला दिसत नाहीत, आणि आपल्याकडच्या कामगाराला ‘जर्मनांसारखे राबा’ असे सुनावायला मालकाला एक वाक्य आयते मिळते. हे मी त्यांना पत्राने कळवले आहे आणि ते ज्या कारखान्यात होते तिथली कामाची पाळी किती तासांची होती, तेवढे लेखात घालावे अशी विनंती केली आहे.